उतारवयात एकटं राहताना अचानक आजारी पडलो तर

एकटं राहणाऱ्या कितीतरी वयस्कर माणसांना आजारापेक्षा आजार दुसऱ्यांना कळण्याची भीती जास्त असते. मुलांना कळलं की ती म्हणणार, बघा, आता तुमचं एकट्याने निभत नाही, आमच्याकडे चला नाहीतर कुठेतरी सोय बघू. म्हणून मग चक्कर आली तरी बोलायचं नाही, बाथरूममध्ये पडलं तरी काळंनिळं झालेलं कोपर बाहीखाली झाकायचं, रात्री छातीवर दडपण आलं तर सकाळपर्यंत बघू म्हणत पडून राहायचं. ही भीती मला अगदी समजते, आपलं घर आणि आपल्या सवयी सोडून जाणं ही काही छोटी गोष्ट नाहीये. पण इथे हिशोब उलटा आहे. दोन दिवसांत बरं होणारं दुखणं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही म्हणून माणूस महिनाभर हॉस्पिटलमध्ये पडतो, अंगातली ताकद जाते आणि मग खरंच एकटं राहता येत नाही. म्हणजे ज्यांना स्वतंत्र राहायचंय त्यांनीच मदत सगळ्यात लवकर मागायला हवी. हे असं का, आणि त्यासाठी बरं असतानाच काय काय करून ठेवायचं, ते या लेखात सांगते.

आजार ओळखताच येत नाही, ही पहिली अडचण

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आजाराचं एक ठरलेलं चित्र असतं. इन्फेक्शन म्हणजे ताप, हार्ट अटॅक म्हणजे छातीत कळ, पोटात बिघडलं की पोट दुखणार. तरुणपणी हे बऱ्यापैकी खरं असतं, पण सत्तरीनंतर त्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ताप काय, दुखणं काय, ही शरीराने आजाराला दिलेली प्रतिक्रिया असते आणि वयाबरोबर ती प्रतिक्रियाच मंदावते. आजार मात्र तेवढाच जोरात असतो.

तापाचंच बघा. वयस्कर माणसाचं नेहमीचं तापमान थोडं कमीच असतं, त्यामुळे थर्मामीटरने ९९.५ दाखवलं म्हणून ताप नाही असं म्हणून चालत नाही. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांसाठी डॉक्टरांचे जे निकष आहेत त्यात तोंडात मोजलेलं १०० फॅरनहाइट, म्हणजे ३७.८ सेल्सिअस, एकदा जरी आलं तरी तो ताप धरतात, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ डिग्री फॅरनहाइट वाढ झाली तरी धरतात. आता आपलं नेहमीचं तापमान किती हेच माहीत नसेल तर वाढ झालेली कळणार कशी? म्हणून ठणठणीत असताना चार-पाच दिवस तापमान, बीपी, नाडी आणि ऑक्सिजन मोजून एका कागदावर लिहून ठेवा. हा कागद आजारपणात डॉक्टरला किती उपयोगी पडतो याची कल्पना नसते आपल्याला, कारण ते माणूस पहिल्यांदा बघतात तेव्हा त्याचं "नॉर्मल" काय हे सांगणारं एकट्या माणसाच्या घरात दुसरं कुणी नसतं.

हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो, वय झालेल्यांना, त्यातही बायकांना आणि डायबिटीस असलेल्यांना जास्त. नुसता दम लागतो, घाम फुटतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, नाहीतर कालपर्यंत सहज चढत होतो तो जिना आज अर्ध्यावर थांबवतो. "गॅस झाला असेल" या वाक्याने फार नुकसान केलंय. न्यूमोनियात खोकला नसेलही, श्वास मात्र जोरजोरात चालू असतो. अपेंडिक्स फुटलं तरी पोट म्हणावं तसं दुखेलच असं नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी खूण म्हणजे अचानक आलेला गोंधळ. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंश वेगळा, तो महिने नि वर्षं घेत हळूहळू येतो, डिलिरियम मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभर कमीजास्त होत राहतो, सकाळी अगदी व्यवस्थित, संध्याकाळी भलतंच. त्याच्यामागे लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, न्यूमोनिया असू शकतो, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी झालेलं असू शकतं, शुगर खाली गेलेली असू शकते, लघवी तुंबलेली असू शकते, अगदी बरेच दिवसांची बद्धकोष्ठताही असू शकते. आणि गोळ्या. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही साध्या गोळ्या, ज्यात क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन असतं, त्या उतारवयात डोकं गुंगवतात आणि लघवी अडवतात. घरात पडलेल्याच असतात म्हणून त्यांच्यावर कुणाला संशयही येत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं बघा. समजा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई आहेत, एकट्या राहतात, सगळं नीटनेटकं. एक दिवस त्यांच्या गोळ्यांच्या डबीत बुधवारच्या गोळ्या तशाच आहेत आणि अजून न उजाडलेल्या शुक्रवारचा कप्पा रिकामा. फोन वाजतो तर त्या आधी टीव्हीचा रिमोट उचलतात, मग हसतात, मग फोन घेतात, बोलताना वाक्य अर्धं सोडतात. मागे कुठेतरी नळ चालू आहे. "बरी आहे गं, जरा झोप नाही झाली" म्हणतात. ताप नाही, जळजळ नाही, दुखत काहीच नाही. मुलीला वाटतं, चालायचंच, आईचं वय झालंय. आणि लघवीचं इन्फेक्शन तोवर किडनीपर्यंत पोचलेलं असतं. गडबड-आरडाओरडा करणारा डिलिरियम निदान लोकांच्या लक्षात तरी येतो, पण दुसरा एक प्रकार असतो ज्यात माणूस नुसता गप्प होतो, झोपाळतो, जेवायचं सोडतो, त्यात सगळ्यांना वाटतं आराम चाललाय. मुलांनी, शेजाऱ्यांनी हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवावं: कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज गोंधळलेला किंवा गप्प असेल तर ते वय नाहीये, तो आजार आहे, आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचंय. विनाकारण पडणं, अचानक कपड्यात लघवी होणं, काल चालत होता तो आज खुर्चीतून उठू न शकणं, हेसुद्धा याच माळेतले.

ठरवायचं ते बरं असताना

आता यातली खरी गोची बघा. आपण आजारी आहोत का, फोन करावा का, हे ठरवायचं काम मेंदूचं. आणि उतारवयातल्या आजारात सगळ्यात आधी मेंदूच डळमळतो. घरात दुसरं माणूस असेल तर ते म्हणतं, अरे तू असं काय बोलतोयस, चल दवाखान्यात. एकट्याला हे म्हणणारं कुणी नाही. म्हणून "तेव्हाचं तेव्हा बघू" ही पद्धत एकट्या माणसाने सोडूनच द्यावी असं माझं ठाम मत आहे. नियम आज ठरवायचे, मोठ्या अक्षरात लिहायचे, फ्रिजच्या दारावर लावायचे, आणि त्या दिवशी विचार न करता ते पाळायचे.

थेट ॲम्ब्युलन्स बोलवायची ती कशाला? छातीत दुखणं किंवा दडपण, किंवा वर सांगितलेला दम नि घाम. एक वाक्य बोलताना धाप लागणं. चेहऱ्याची एक बाजू लोंबणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं, अचानक एका डोळ्याने न दिसणं किंवा तोल जाणं, कारण ही स्ट्रोकची लक्षणं आहेत. शुद्ध जाणं. न थांबणारं रक्त, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी. पडल्यावर पायावर वजनच टाकता न येणं. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटणं, टेंगूळ छोटं दिसलं तरी, कारण कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत राहतं आणि लक्षणं काही तासांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात.

स्ट्रोकबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे साडेचार तास मोजतात ते माणूस शेवटचा ठीक होता त्या वेळेपासून. म्हणजे रात्री दहाला झोपताना बरे होतात आणि सकाळी सहाला उठल्यावर तोंड वाकडं, तर घड्याळ रात्री दहालाच सुरू झालेलं धरतात. (काही जणांना मोठी गुठळी ओढून काढायचा उपाय २४ तासांपर्यंतही करता येतो, म्हणून उशीर झाला असं स्वतःच ठरवून घरी बसायचं नाही.) लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी जायचंच, कारण तो येणाऱ्या मोठ्या स्ट्रोकचा इशारा असू शकतो. आणि स्ट्रोकमध्ये मनाने ॲस्पिरिन घेऊ नका, गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. छातीत दुखत असेल तेव्हा ॲस्पिरिन चघळायला सांगतात ते खरं, पण तेही ॲम्ब्युलन्सला फोन लावून, त्यांना विचारून, आणि ॲलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तरच.

इन्फेक्शन जिवावर बेतू लागलंय का हे ओळखायला २०१६ मध्ये डॉक्टरांनी तीन गोष्टींची एक सोपी चाळणी सुचवली आणि ती घरीही बघता येते: मिनिटाला २२ किंवा जास्त श्वास, बीपीचा वरचा आकडा १०० किंवा खाली, आणि डोक्यात गोंधळ. तीनपैकी दोन असले तर वाट बघायची नाही. त्यातला श्वास मोजायला तर काहीच लागत नाही, घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर छाती किती वेळा वर होते ते मोजायचं. हा आकडा फार बोलका असतो आणि घरी तो कुणीच मोजत नाही.

आणि तो मेसेज. "एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल" असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो नेमका एकट्या राहणाऱ्या माणसांनाच पाठवला जातो. तो चुकीचा आहे. हॉस्पिटलमध्ये मॉनिटर लावलेला असताना, अचानक ठोका बिघडलेल्या रुग्णाला डॉक्टर काही सेकंद खोकायला लावतात, त्यातून हे निघालंय, अमेरिकन हार्ट असोसिएशनने घरी असं करू नका हे स्पष्ट सांगितलंय. खोकण्यात जी दोन मिनिटं जातील त्यात फोन होतो. फोन करा, दार उघडा, आणि दाराजवळ बसून राहा, चालू नका, गाडी स्वतः चालवत तर अजिबात जाऊ नका.

फोन करताना आधी पत्ता, मग त्रास. लोक उलटं करतात, आधी सगळी कहाणी सांगतात आणि पत्ता सांगायच्या आधी फोन कटतो किंवा बोलायची ताकद संपते. पत्ता, मजला, लिफ्ट चालू आहे का, जवळची खूण हे त्याच फ्रिजवरच्या कागदावर लिहा, कारण घाबरल्यावर स्वतःचा पत्तासुद्धा आठवत नाही. फोन स्पीकरवर ठेवा. मुलाला फोन नंतर. मुलगा दुसऱ्या शहरात असेल तर तो काय करणार, तोही ॲम्ब्युलन्सलाच फोन करणार, आणि त्याला पत्ता सांगता येईल पण दुखतंय कसं ते सांगता येणार नाही.

पडल्यावर

पडणं हा स्वतंत्र विषय आहे कारण त्यात इजा एका क्षणात होते पण खरं नुकसान नंतरच्या तासांत होतं. फरशीवर एका तासापेक्षा जास्त पडून राहिलं की अंगाखाली दबलेला स्नायू मरायला लागतो, त्यातली द्रव्यं रक्तात येऊन किडनी बंद पाडू शकतात, शिवाय थंडी भरते, पाणी कमी होतं, कातडी सडते, छातीत कफ साचतो. १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात तासाभराहून जास्त पडून राहिलेल्यांपैकी निम्मी माणसं सहा महिन्यांत दगावलेली आढळली, मोठी इजा न झालेलीसुद्धा. २००८ मध्ये केंब्रिजमधला नव्वदीपुढच्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तर मन सुन्न करणारी गोष्ट होती, बऱ्याच जणांकडे मदत बोलवायचं अलार्मचं बटण होतं आणि तरी बराच वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते दाबलंच नाही. गळ्यात घातलेलं नव्हतं, लोकांना त्रास कशाला म्हणून, आपलं आपण उठू म्हणून, हॉस्पिटलमध्ये नेतील म्हणून. यंत्र होतं, दाबायची तयारी नव्हती.

पडल्यावर लगेच उठायची धडपड करू नका. एक मिनिट तसंच राहा, श्वास घ्या, हात-पाय एकेक करून हलवून बघा. मांडीच्या सांध्यात जोरात दुखतंय, किंवा एक पाय आखूड वाटतोय आणि पंजा बाहेर वळलाय, तर हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी, हलूच नका, आवाज द्या, फोन करा. तसं काही नसेल तर एका कुशीवर वळा, कोपरावर जोर देऊन वर या, मग गुडघे आणि तळहात टेकून रांगत एखाद्या भक्कम, न सरकणाऱ्या खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, जो पाय जास्त मजबूत आहे त्याचा तळवा पुढे जमिनीवर टेका, हातांनी नि त्या पायाने रेटून वर या आणि वळून बसा. बसल्यावर पाच मिनिटं उठू नका. हे वाचून येत नाही, करून बघावं लागतं, पलंगाशेजारी जाड सतरंजी अंथरून, कुणी सोबत असताना, फिजिओथेरपिस्ट मिळाला तर उत्तमच. आणि नाहीच उठता आलं तर ताकद ओरडण्यात घालवू नका, चप्पल किंवा काठी फरशीवर-भिंतीवर ठरावीक अंतराने आपटत राहा, हाताला लागेल ती चादर, पायपुसणं ओढून अंगाखाली-अंगावर घ्या, दर अर्ध्या तासाने कूस बदला, लघवी झाली तर लाजायचं काही नाही, फक्त ओल्या जागेवरून सरका.

दार, कडी, फोन

एक गोष्ट घरोघरी राहून जाते. मुलीकडे चावी दिलेली असते, शेजाऱ्यांकडेही असते, आणि रात्री झोपताना दाराला आतून कडी घातलेली असते. म्हणजे चावी असून बाहेरचा माणूस आत येऊ शकत नाही, आणि मग दार तोडण्यात अर्धा-पाऊण तास जातो. असं कुलूप बसवून घ्या जे आतून बंद असलं तरी बाहेरून चावीने उघडतं, आणि आतली कडी वापरायचं बंद करा. बाथरूमची कडी तर काढूनच टाका, एकट्या घरात ती कुणापासून लपायला हवीय? आणि आत ओढून उघडणारं दार असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगाला अडून ते उघडत नाही, बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करता येतं, सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

फोन अंगावर हवा, टेबलावर नाही. बाथरूममध्येसुद्धा. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये बाजूचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की इमर्जन्सी कॉल लागतो, पण सेटिंग आधी तपासून ठेवावं लागतं, आणि लॉक स्क्रीनवर तुमचे आजार, गोळ्या, ॲलर्जी, जवळच्या माणसाचा नंबर दिसेल अशी सोय असते ती भरून ठेवा. ॲपलच्या घड्याळात २०१८ पासून पडणं ओळखायची सोय आली, जोरात पडून साधारण मिनिटभर हालचाल नसेल तर ते स्वतःच मदतीचा कॉल लावतं, आता इतर काही घड्याळांतही असं असतं. चांगलंय, पण सावकाश घसरत खाली बसलात तर ते घड्याळाला कळेलच असं नाही, आणि चार्जिंगला लावलेलं घड्याळ काही कामाचं नाही.

म्हणून मला सगळ्यात जास्त भरवसा रोजच्या एका मेसेजवर वाटतो. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाला, रोज. फक्त लोक यात अर्धंच ठरवतात, मेसेज टाकायचा हे ठरतं, पण मेसेज आला नाही तर काय हे ठरत नाही, मग समोरचा म्हणतो झोपले असतील, आणि दुपार होते. दुसरं अर्धं असं ठरवा: नऊपर्यंत मेसेज नाही तर फोन, साडेनऊपर्यंत उचलला नाही तर शेजारी चावी घेऊन घरात. आणि शेजाऱ्याने आत आल्यावर तुम्ही नुसतेच झोपलेले निघालात तर रागवायचं नाही, आभार मानायचे, नाहीतर पुढच्या वेळी तो येणार नाही.

उलट्या-जुलाब आणि रोजच्या गोळ्या

वयाबरोबर तहान लागणं कमी होतं आणि किडनीची पाणी धरून ठेवायची ताकदही, त्यामुळे तरुणाला एक दिवस त्रास देणारे जुलाब वयस्कर माणसाला थेट आडवं करतात. ओआरएसची पाकिटं घरात हवीतच. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर उलट धोका. घोट घोट, सतत. हृदय किंवा किडनी कमकुवत असेल तर किती प्यायचं हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवा.

यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. रोजच्या काही गोळ्या अंगात पाणी कमी असताना किडनीला इजा करू शकतात, बीपी फार खाली आणतात किंवा रक्तातलं आम्ल वाढवतात: लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, बीपीच्या ज्यांचं नाव "प्रिल" किंवा "सार्टन"ने संपतं त्या, डायबिटीसची मेटफॉर्मिन, "ग्लिफ्लोझिन"ने संपणाऱ्या, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत यातल्या काही डॉक्टर तात्पुरत्या थांबवतात आणि खाणंपिणं एक-दोन दिवस नीट झालं की परत सुरू करतात. उलट काही अशा असतात ज्या मनाने कधीच थांबवायच्या नाहीत, इन्सुलिन (डोस बदलू शकतो, पण बंद नाही), बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड, फिट्सच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या. कोणती कुठल्या बाजूला हे माणसागणिक वेगळं असतं, म्हणून पुढच्या तपासणीला गोळ्यांची यादी घेऊन जा आणि सरळ विचारा, "मला उलट्या-जुलाब झाले तर यातल्या कोणत्या थांबवू, कोणत्या नाही, आणि परत कधी सुरू करू?" उत्तर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचं आजारपणात जेवण सुटलं की शुगर कोसळते, आणि उतारवयात ते थरथर-घामाऐवजी नुसत्या गोंधळाने दिसू शकतं. मशीनवर ७० च्या खाली आलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत मोजायचं. गोळीमुळे उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरते, म्हणून एकट्याने "झालं बरं" म्हणून झोपून जायचं नाही, डॉक्टरला कळवायचं.

रात्री बाथरूमला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा, मिनिटभराने उभे राहा, काहीतरी धरून. आजारपणात उभं राहिल्यावर बीपी एकदम पडतं आणि बरेच जण पडतात ते तेव्हाच.

झोपून राहणं आणि घरी परत येणं

आराम करा हा सल्ला सगळे देतात, पण उतारवयात त्याची किंमत फार असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतला साधारण एक किलो स्नायू गेला. निरोगी माणसांचा, आजार नसताना. म्हणून डॉक्टरने मनाई केली नसेल तर जेवायला खुर्चीत बसा, दर दोन तासांनी खोलीत चार फेऱ्या मारा, खुर्चीतून पाच-सहा वेळा उठून बसा. हॉस्पिटलमध्येसुद्धा "मला रोज चालवा" असं स्वतःहून म्हणायचं. चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी घरी राहिली की माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, खाता येत नाही, आणि गोंधळ त्यानेच वाढतो, म्हणून या तीन वस्तू, फोनचा चार्जर आणि गोळ्यांची यादी अशी एक पिशवी दाराजवळ तयार ठेवा.

घरी आल्यावरचा पहिला आठवडा हा सगळ्यात कच्चा काळ असतो. हॉस्पिटलमधून नवीन गोळ्या मिळतात, घरात जुन्या असतात, दोन्हींचं ब्रँडचं नाव वेगळं पण आतलं औषध एकच, आणि माणूस दोन्ही घेतो. बीपी धाडकन खाली, किंवा रक्त जरुरीपेक्षा जास्त पातळ. डिस्चार्जच्या कागदासोबत घरातल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका पिशवीत भरून केमिस्टकडे किंवा डॉक्टरकडे न्या, ब्रँड नाही तर आतल्या औषधाचं नाव जुळवून घ्या, आणि बंद झालेल्या घरातून काढून टाका. पहिले दोन-तीन दिवस कुणीतरी रात्री झोपायला असावं. हे मागायला संकोच वाटतो, पण दोन रात्री मागणं आणि कायमचं कुणावर अवलंबून राहणं यात मला तरी पहिलं खूप सोपं वाटतं.

मुलांशी हे सगळं बोलायचं ते आजारपणात नाही, त्याआधी. फ्रिजवरचा कागद त्यांना दाखवा, चावी कुणाकडे ते सांगा, सकाळचा मेसेज त्यांच्याशीच ठरवा. आणि त्यांच्याकडून एक शब्द घ्या, की पडल्याचं किंवा बरं नसल्याचं सांगितलं तर लगेच घर सोडायचा विषय निघणार नाही, आधी त्या दिवसाचं बघू. हा शब्द मुलांनी खरंच पाळावा, कारण तो मोडला तर पुढच्या वेळी तुम्ही सांगणार नाही. आणि त्या फ्रिजवरच्या कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला, कारण गोळ्या बदलतात, फोन नंबर बदलतात, आणि दर तीन महिन्यांनी तो नव्याने लिहावा लागतो.